जोड बॅटरीचं दुखणं : एकीला उपास, दुसरीला अजीर्ण



गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहतूकदारांची एक तक्रार विद्युत विभागाकडे हमखास येते. "साहेब, ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या घेतल्या. एक दीड वर्षात बसली, दुसरी अजून ठणठणीत आहे. म्हणजे कंपनीनं एक खराब नग गळ्यात मारला, असंच ना?"

बहुतेक वेळा तसं नसतं. दोष कंपनीचा नसतो आणि बसलेल्या बॅटरीचाही नसतो. शिवाय जी ठणठणीत दिसते तीही आतून झिजत आलेली असते, तिची पाळी जरा उशिरा येते एवढंच. केन यार्डात भरल्या गाडीनिशी ट्रक उभा आहे, रांग पुढं सरकतेय आणि स्टार्टर नुसता 'टक' करून गप्प बसतोय, असा प्रसंग ज्यांच्यावर आलाय त्यांना याची किंमत सांगायला नको. मागच्या गाड्या खोळंबतात आणि तोडलेल्या उसाचं वजन तासातासाला घटत जातं. म्हणून हे दुखणं या अंकात जरा मुळापासून बघू.

मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट लागतात. बॅटरी मिळते १२ व्होल्टची. म्हणून दोन बॅटऱ्या एकीमागं एक जोडतात. पहिलीचा निगेटिव्ह दुसरीच्या पॉझिटिव्हला जोडला की १२ आणि १२ मिळून २४ होतात. शाळेच्या पुस्तकात हिला एकसर जोडणी म्हणतात, गॅरेजमध्ये सिरीज. बॅटरीच्या पोटातही हाच प्रकार असतो. दोन-दोन व्होल्टचे सहा सेल ओळीनं जोडले की १२ व्होल्टची बॅटरी तयार होते. म्हणजे ट्रकमध्ये एकूण बारा सेल एका माळेत असतात.

या माळेचा नियम असा की जेवढा करंट पहिल्या सेलमधून जातो तेवढाच शेवटच्या सेलमधून जातो. चार्ज करताना तसं आणि खर्च करतानाही तसंच. यात कुणाला कमी-जास्त देण्याची सोय नाही. सगळे सेल सारखे भरलेले असतील तोवर काहीच अडचण नाही. पण एक मागं पडला की त्याला जादा देऊन बाकीच्यांच्या बरोबरीला आणण्याची सोय या माळेत आपोआप होत नाही. सगळी मेख इथंच आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर बैलजोडीचं उदाहरण घ्या. दिवसभर दोन्ही बैल एका जुवाखाली सारखे चालले. संध्याकाळी धन्यानं एकालाच सोडून पुन्हा मोटेवर दोन तास राबवलं, आणि गव्हाणीत वैरण टाकताना मात्र दोघांना अगदी सारखी मोजून टाकली. महिनाभरात काय होईल? जादा राबलेला हाडं दाखवू लागेल आणि दुसऱ्याचं पोट फुगेल. धनी म्हणेल, मी तर दुजाभाव केला नाही!

ट्रकमध्ये मोटेवरचं जादा काम कोणतं, तर केबिनमधली १२ व्होल्टची हौस. गाण्याची मशीन, छोटा पंखा, लाईटच्या माळा, मोबाईलचा चार्जर. हे सगळं बऱ्याच ठिकाणी १२ व्होल्टचं असतं. गाडीत तर २४ आहेत. मग वायरमन सोपी युक्ती करतो. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक वायर काढतो. तिथं बरोबर १२ व्होल्ट मिळतात, गाणं वाजू लागतं, सगळे खूश. पण ते काम फक्त खालची, म्हणजे बॉडीच्या बाजूची बॅटरी करते. वरचीला त्याची खबरही नसते.

आता हिशेब मांडू. समजा ही हौस ३ अँपिअर घेते आणि दिवसात १० तास चालते. खालच्या बॅटरीतून रोज ३० अँपिअर-तास जादा गेले. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर दोघींना सारखाच करंट देतो. वरची थोडीच रिकामी होती, ती लवकर भरते. भरली की तिचा व्होल्ट चढू लागतो. अल्टरनेटरचा रेग्युलेटर फक्त दोघींची बेरीज बघतो, साधारण २८ व्होल्ट. वरची १५ वर आणि खालची १३ वर असली तरी बेरीज २८ च होते. रेग्युलेटर म्हणतो, झालं काम, आणि करंट कमी करतो. खालची अर्धीमुर्धीच राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३० जादा जातात.

उपाशी बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं. ताजं असतं तोवर ते चार्जिंगनं विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि मग कितीही चार्ज करा, प्लेट दाद देत नाही. तिकडं अजीर्ण झालेल्या बॅटरीत जादा करंट पाण्याचं विघटन करतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात, पाणी घटतं, प्लेटा गंजतात.

यावरून एक ओळखण्याची खूण लक्षात ठेवा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीलाच सारखं डिस्टिल्ड वॉटर लागत असेल, तर "हीच खराब, पाणी पितेय" असं म्हणून लोक ती बदलतात. खरं तर ती भरपेटवाली असते. उपाशी आहे ती दुसरी, जिच्यात पाणी घटतच नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी निर्धास्त राहावं. त्यांना बहुतेक १२ व्होल्टची एकच बॅटरी असते, तिथं जोडीचं भांडण नाही. (गाण्याच्या आवाजाबद्दल निर्धास्त राहावं असं मात्र आम्ही म्हणत नाही.)

हेच दुखणं आपल्यापेक्षा जास्त जिवावरचं कुठं असेल, तर ते रायगडच्या किनाऱ्यावर. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूडजवळचं एकदरा आणि राजपुरी, श्रीवर्धनचं जीवना, भरडखोल, ही सगळी मासेमारीची बंदरं. अलिबागशेजारी आक्षीला लागून साखर नावाचंच एक गाव आहे, पण तिथली कमाई मासळीची. या किनाऱ्यावरच्या मोठ्या यांत्रिक बोटींना सहा सिलिंडरची इंजिनं असतात आणि त्यातल्या कित्येकांचा स्टार्टर २४ व्होल्टवर चालतो. म्हणजे आपल्या ट्रकसारख्याच दोन बॅटऱ्या. वर वायरलेस, जीपीएस, मासे दाखवणारं यंत्र, रात्रीचे दिवे. यातलं काही १२ व्होल्टचं असलं आणि ते मधल्या जोडावरून घेतलं, की कथा तीच. फरक एवढाच की ट्रकला चार माणसं ढकलू शकतात किंवा शेजारचा गाडीवाला जंपर लावून देतो. किनाऱ्यापासून कित्येक मैल आत, जाळं टाकून इंजिन बंद केलेल्या बोटीला कोण ढकलणार? वारा उलटला आणि इंजिन लागेना, तर तांडेल आणि खलाशांच्या जिवाचाच प्रश्न. त्यातून वायरलेसही त्याच खालच्या बॅटरीवर असेल तर मदत मागायचीही सोय गेली.

किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी भर घालतात. एक खारी हवा. बॅटरीच्या माथ्यावर मिठाचा ओलसर थर बसतो आणि त्यातून एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलकडं थोडा थोडा करंट रात्रंदिवस झिरपत राहतो. दोन्ही बॅटऱ्यांवर थर सारखा बसत नाही, म्हणून झिरपही सारखी नसते. (बॅटरीत समुद्राचं पाणी शिरणं तर फारच वाईट. चार्ज करताना त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो विषारी असतो.) दुसरी गोष्ट म्हणजे रिकामे महिने. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. नुसती पडून असलेली बॅटरीही महिन्याला चार-पाच टक्के आपोआप उतरते, उकाड्यात त्याहून जास्त, आणि प्रत्येक बॅटरीचा उतरण्याचा वेग वेगळा. नारळी पौर्णिमेनंतर बोट लोटायच्या वेळी दोघी एका पातळीवर नसतात.

आपल्याकडं तर हा रिकामा काळ दोन महिन्यांचा नाही, सहा-सात महिन्यांचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की कित्येक ट्रक वस्तीवर आंब्याखाली उभे राहतात ते दसऱ्यापर्यंत. बॅटरीची आठवण येते ती बॉयलर पेटल्यावर.

शिशाच्या बॅटरीत एक गुण आहे, तो सांगायलाच हवा. तिला पुरेसा वेळ चार्जवर ठेवली तर ती स्वतःची थोडीफार बरोबरी करून घेते. भरलेला सेल जादा करंट बुडबुड्यांत घालवतो, तोवर मागं पडलेला सेल भरत राहतो. बुडबुड्यांत पाणी जातं, पण बरोबरी होते. मात्र हे घडतं ते चार्जिंगच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. रिकाम्या बॅटरीचा पाऊण भाग लवकर भरतो, उरलेला भरायला जवळजवळ तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. घाईगडबडीत चार्जिंग तोडलं की बरोबरीचा टप्पा येतच नाही.

इथं घारापुरीचं उदाहरण फार बोलकं आहे. एलिफंटाच्या लेण्यांचं हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येतं. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं त्यावर आहेत. समोर मुंबईचे दिवे लखलखतात, पण बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी डिझेल जनरेटरवर संध्याकाळी तीन-चार तास वीज मिळायची. आता विचार करा, अशा ठिकाणी ज्यानं घरात बॅटरी ठेवली असेल तिला रोज त्या तीन-चार तासांतच काय ते खाऊन घ्यायचं. शेवटचा टप्पा कधी यायचाच नाही. एका बॅटरीतले सहा सेलसुद्धा महिन्या-दोन महिन्यांत वर-खाली व्हायचे. दोन जोडलेल्या असतील तर विचारूच नका.

पुढं ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर आलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अशा वेळी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मिळेल त्या जनरेटरवर, मिळेल तेवढा वेळ चार्ज होतात. मोठ्या इन्व्हर्टरला २४ किंवा ४८ व्होल्ट, म्हणजे दोन किंवा चार बॅटऱ्यांची माळ. वीज परत आल्यावर अशा माळेला एकदा निवांत, पूर्ण, जास्त वेळ चार्ज देणं गरजेचं असतं. ते न करता तीच रोजची ये-जा सुरू ठेवली की वर्षाच्या आत एक बॅटरी फुगते किंवा बसते. आपल्या भागात शेतावर रात्रीच वीज, दिवसा नाही, अशी पाळी असते. तिथं इन्व्हर्टर वापरणाऱ्या सभासदांनी हे आपल्यालाही लागू आहे असं समजावं.

आपल्या पॉवर हाऊसमध्ये २ व्होल्टचे ५५ सेल एका माळेत आहेत. त्यांची बेरीज ११० व्होल्ट. टर्बाईन किंवा फीडरवर दोष आला की ब्रेकर पाडण्याचा हुकूम या ११० व्होल्टवर जातो, सगळी वीज गेली तरी. पंचावन्नातला एक सेल जरी आतून तुटला तरी माळ तुटली. म्हणून तिथं नुसती बेरीज बघून चालत नाही. प्रत्येक सेलचा व्होल्ट आणि अॅसिडची घनता मोजून वहीत लिहायची, एक-दोन सेल नमुन्याचे धरून त्यांच्यावर रोज नजर ठेवायची, आणि फरक वाढला की बूस्ट चार्जरवर जादा चार्ज देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणायचं. बारा सेलच्या ट्रकला एवढी वही नको, पण पद्धत तीच.

आता उपाय. पहिलं काम मोजण्याचं. साधा मल्टिमीटर आता कुणालाही परवडतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, स्टार्टर मारायच्या आधी, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, अर्धी १२.२ च्या आसपास, आणि ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दोघींत ०.१ चा फरक चालेल. ०.२ किंवा त्याहून जास्त असेल तर हात घाला. मग एकानं स्टार्टर मारावा आणि दुसऱ्यानं त्याच वेळी प्रत्येक बॅटरीवर मीटर धरावा. ९.६ च्या खाली जाणारी कच्ची. फक्त एकूण २५ व्होल्ट आले म्हणून समाधान मानू नका, १२.९ आणि १२.१ ची बेरीजही २५ च असते.

फरक सापडला तर दोन्ही बॅटऱ्यांमधला जोड आधी काढा आणि १२ व्होल्टच्या चार्जरवर प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे पूर्ण भरा, १४.४ व्होल्टपर्यंत. घाई नको, रात्रभर लागली तर लागू द्या. काही मिस्त्री दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडून, म्हणजे पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह, मध्ये हेडलाईटचा बल्ब घालून रात्रभर ठेवतात. भरलेली बॅटरी रिकामीला बल्बमधून हळूहळू देते. युक्ती चांगली आहे, पण त्यानं पातळी फक्त सारखी होते, पूर्ण भरत नाही. नंतर चार्जर लावावाच लागतो. आणि सिरीजचा जोड तसाच ठेवून समांतर वायरी लावल्या तर सरळ शॉर्ट होतो. वायरी लाल होतात, बॅटरी फुटून अॅसिड डोळ्यांत जाऊ शकतं. जोड काढल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय पुढं जाऊ नये. चार्जिंगच्या जागी विडी-काडीही नको. हवेत शेकडा चार भाग हायड्रोजन झाला तरी ठिणगीला पुरतो.

पाणी घालण्याच्या उघड्या बॅटऱ्यांना महिन्या-दोन महिन्यांतून एकदा १५ व्होल्टच्या जरा वर दोन-तीन तास जादा चार्ज देता येतो, आधी आणि नंतर पाणी बघून. सीलबंद बॅटरीला हा प्रयोग करू नका. तिच्यातलं पाणी गेलं की परत घालता येत नाही.

मूळ कारण मात्र वायरीतच काढायला हवं. मधल्या जोडावरची ती वायर काढून टाका आणि २४ चे १२ करून देणारा कन्व्हर्टर बसवा. डब्याएवढी वस्तू आहे, ती दोन्ही बॅटऱ्यांकडून सारखंच घेते. ते जमत नसेल तर इक्वलायझर मिळतो, त्याच्या तीन वायरी असतात : एक वरच्या पॉझिटिव्हला, एक मधल्या जोडाला, एक खालच्या निगेटिव्हला. तो दोघींचे व्होल्ट सतत ताडून जादावालीकडून कमीवालीकडं चार्ज नेतो. पण त्याची ताकद ५ किंवा १० अँपिअर असते, हौस १५ अँपिअरची असेल तर तो पुरा पडणार नाही. आमचं मत विचाराल तर आधी कन्व्हर्टर.

बॅटरी बदलताना दुकानदार सांगेल, एकच बदला, दुसरी चांगली आहे. वर्ष-दीड वर्षाच्या जुन्या बॅटरीबरोबर कोरी बॅटरी जोडली की पहिल्या दिवसापासून जोडी विजोड. दोन्ही एकदम बदला. उरलेली चांगली बॅटरी वाया जात नाही, मापात बसली तर ती ट्रॅक्टरला एकटी लावा, तिथं ती आणखी काही दिवस काढते.

लिथियमच्या बॅटऱ्या आता आपल्या दारात आल्या आहेत. इन्व्हर्टर, स्कूटर, पाठीवरचा फवारणी पंप. ट्रक-इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीला बुडबुड्यांत जादा चार्ज घालवता येतो, लिथियमला ती मुभाच नाही. लिथियम फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा, आणि ३.६५ च्या पुढं गेला की बिघाड सुरू. म्हणून प्रत्येक पेटीत एक पहारेकरी सर्किट असतं. ते भरलेल्या सेलमधला जादा चार्ज छोट्या रेझिस्टन्समध्ये उष्णता करून जाळतं. महागड्या पेट्यांत ते पोहऱ्यासारखं काम करतं, भरल्या सेलमधून उपसून रिकाम्यात ओततं. साध्या सर्किटचा वेग फार कमी असतो. ते ०.१ अँपिअर जाळत असेल आणि सेलांत १० अँपिअर-तासांचा फरक असेल, तर बरोबरीला १०० तास लागतील. आणि बऱ्याच सर्किटांत हे काम सेल पूर्ण भरण्याच्या बेतात आल्यावरच सुरू होतं. म्हणून लिथियमची पेटी कायम ८० टक्क्यांवर तोडत असाल तर महिन्यातून एखाद्या वेळी पूर्ण भरून चार्जरवर तशीच राहू द्या.

ड्रोननं फवारणी करणाऱ्या बचत गटांच्या भगिनींसाठी दोन शब्द. त्या बॅटरीला दोन जाड वायरींशिवाय बारीक वायरींचा एक झुपका असतो. तो शोभेचा नाही. प्रत्येक सेलचा व्होल्ट चार्जरला त्यातूनच कळतो. झुपका न लावता घाईनं चार्ज केल्यास एखादा सेल ४.२ व्होल्टच्या वर जातो आणि पेट घेऊ शकतो. फुगलेली बॅटरी उडवू नका, घरात ठेवू नका.

पट्टा पडला आणि ट्रक उभा राहिला की त्याच आठवड्यात दोन्ही बॅटऱ्या उतरवा. माथा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून कोरडा करा, सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका. टर्मिनलला व्हॅसलीन लावा, दोन्ही पूर्ण भरून सावलीत ठेवा आणि महिन्यातून एक दिवस चार्जरला लावा. प्रत्येकीवर खडूनं 'वरची' आणि 'खालची' लिहून ठेवा, आणि दसऱ्याला बसवताना जागा बदलून बसवा.